नॅनोकण आपोआप रांगेत बसत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत नॅनोतंत्रज्ञानावर लेख येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. या विषयावर मराठीत मुळातच फार कमी वाचायला मिळते. पण या लेखांत एक शब्द सारखा भेटतो आणि दर वेळी खटकतो. तो शब्द म्हणजे ‘आपोआप’. कण आपोआप एकत्र येतात, आपोआप रचले जातात, रेणू आपोआप आपली जागा शोधतात, अशी ती वाक्ये असतात. ती खोटी नाहीत, पण त्यांत निम्मेच सांगितलेले असते. दहीसुद्धा आपोआपच लागते. तरी दूध किती कोमट ठेवायचे, विरजण किती घालायचे, भांडे कुठे ठेवायचे आणि रात्रभर त्याला कोणी धक्का लावायचा नाही, हे घरात कोणीतरी ठरवलेले असते. थंडीत दही लागत नाही तेव्हा ‘आपोआप’ या शब्दाचा काही उपयोग होत नाही. नॅनोकणांचेही तसेच आहे, आणि त्यांचे विरजण काय, ऊब किती, धक्का कशाचा लागतो हे वाचकांना, विशेषतः विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना कळावे, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

मुळात प्रश्न असा आहे. सोन्याचे, सिलिकाचे किंवा पॉलिस्टायरीनचे काही नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) ते काही शे नॅनोमीटरचे कण बनवणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते हे कण मोसंबीच्या गाडीवर फळे रचतात तसे थरावर थर, एकही खाच न चुकता, डोळ्यांना दिसेल एवढ्या जागेवर मांडणे. फळवाल्याला हात आहेत. इथे एका चौरस सेंटिमीटरवर कोट्यवधी कण असतात आणि ते द्रवात सतत थरथरत असतात. ही थरथर म्हणजे रेणूंची उष्णतेची हालचाल. तिला मोडून काढता येत नाही, तिच्याकडूनच काम करून घ्यावे लागते.

इथेच पहिली गोम आहे. दोन कणांमधले आकर्षण फार जोरदार असेल तर कण पहिल्यांदा जिथे आदळतो तिथेच चिकटतो आणि सुटत नाही. मग तयार होतो तो फांद्याफांद्यांचा, पोकळ, कापसासारखा गठ्ठा. आकर्षण फारच कमी असेल तर काहीच तयार होत नाही, द्रव नुसता दुधाळ राहतो. नीट रचना हवी असेल तर आकर्षण उष्णतेच्या थरथरीच्या काही पटच जास्त असावे लागते, म्हणजे चुकीच्या जागी बसलेला कण सुटतो, सरकतो आणि बऱ्या जागी बसतो. चूक दुरुस्त करायची ही सवड ज्या पद्धतीत नाही, त्या पद्धतीत स्फटिक होत नाही. पुढे जे जे बिघाड सांगितले आहेत, त्यांतले बहुतेक या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात.

मात्र कणांची पुरेशी गर्दी असेल तर आकर्षण अजिबात नसले तरी कण रांगेत बसू शकतात, हे अनेकांना पटत नाही. कठीण गोळ्यांसारखे वागणारे कण द्रवाच्या आकारमानाच्या सुमारे ४९ टक्क्यांहून जास्त झाले की स्फटिक तयार व्हायला लागतो आणि साडेचौपन्न टक्क्यांच्या पुढे सगळाच स्फटिक होतो. संगणकावर हे १९५७ मध्ये दिसले आणि प्रत्यक्ष कलिलात, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या मिश्रणात, प्युसी आणि व्हॅन मेगन यांनी १९८६ मध्ये दाखवले. कारण सोपे आहे. भरलेल्या एसटीत माणसे वेडीवाकडी उभी असली की कोणालाच हात हलवता येत नाही, आणि तीच माणसे ओळीने उभी राहिली की प्रत्येकाला थोडी थोडी जागा मिळते. कणांनाही ओळीत बसल्यावर हलायला जास्त मोकळीक मिळते, म्हणून ते ओळीत बसतात. अट एकच, सगळे कण एकाच मापाचे हवेत. आकारातला फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर काम सुरळीत होते, आणि तो १२ टक्क्यांच्या आसपास गेला की स्फटिक बहुधा होतच नाही. म्हणून रचनेची निम्मी तयारी कण बनवतानाच होते.

आता प्रत्यक्ष पद्धतींकडे येऊ. सर्वांत सोपी वाटणारी आणि सर्वांत जास्त फसवणारी पद्धत म्हणजे थेंब टाकायचा आणि वाळू द्यायचा. मेणकापडावर सांडलेला चहाचा थेंब वाळला की कड गडद होते आणि मध्य फिका राहतो, हे सगळ्यांनी पाहिले आहे. थेंबाची कड जागेला चिकटून बसते, कडेला बाष्पीभवन जास्त होते, तिथली तूट भरायला मधला द्रव बाहेर वाहतो आणि कणांना सोबत नेतो. शिकागो विद्यापीठातल्या डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचे गणित मांडले. नॅनोकणांचा थेंब काचेवर वाळवला की हेच होते. कडेला दाट भिंत, आत विरळ ठिपके. शेवटी शेवटी तर कण इतक्या वेगाने येतात की नीट बसायला त्यांना वेळच मिळत नाही. कडेचा बाहेरचा भाग सुबक आणि आतला विस्कटलेला, असे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. उपाय तीन. वर झाकण ठेवून बाष्पीभवन मंद करा, किंवा पाण्यात जास्त उत्कलनबिंदूचा द्रव थोडा मिसळून उलटा प्रवाह निर्माण करा, किंवा कणांचा आकारच बदला. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गोल कण ताणून लांबट केले, तेव्हा डाग एकसारखा वाळला. पण रांगेतली मांडणी हवी असेल तर तिसरा उपाय कामाचा नाही, कारण लांबट कण पृष्ठभागावर अडकून सैल जाळी करतात.

गंमत म्हणजे डाग बिघडवणारा हाच प्रवाह नीट वापरला तर स्फटिक बांधतो. काच द्रवात उभी धरायची आणि द्रव हळूहळू आटू द्यायचा. जिथे द्रवाची पातळी काचेला टेकते तिथे पातळ पापुद्रा होतो. पापुद्र्याची जाडी कणाच्या व्यासापेक्षा कमी झाली की कणांची डोकी वर निघतात, डोक्यांभोवती पाण्याची कड वाकते आणि पृष्ठताण शेजारच्या कणांना एकमेकांकडे ओढतो. पहिला पुंजका तयार झाला की आटणारा द्रव मागून नवे कण आणून त्याला जोडत जातो. डेन्कोव्ह, नागायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने पाहिले. उभ्या काचेवरची पद्धत १९९९ पासून प्रयोगशाळांत रुळली आहे. ती महाविद्यालयातही जमते, म्हणून मापांसह देतो.

आधी सिलिकाचे गोळे. श्टोबर यांची १९६८ ची पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे. ८० मिलिलिटर निर्जल इथेनॉल, १० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी आणि ४.५ मिलिलिटर २५ टक्के अमोनिया एकत्र ढवळत ठेवायचे. त्यात ५ मिलिलिटर टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट (ज्यापासून सिलिका तयार होते ते द्रव) एकदम ओतायचे, थेंबथेंब नाही. पहिली काही मिनिटे द्रव स्वच्छ दिसतो, मग निळसर, मग दुधी. रात्रभर ढवळू द्यायचे. या मापाने कण २५० नॅनोमीटरच्या आसपास येतात. ‘आसपास’ हा शब्द इथे जाणूनबुजून लिहिला आहे. खोली दोन-चार अंशांनी गरम असेल तर कण लहान येतात. अमोनियाची बाटली वारंवार उघडलेली असेल तर तिच्यात २५ टक्के अमोनिया उरलेलाच नसतो, आणि तेव्हाही कण लहान येतात. आज २४०, उद्या २१० असे होऊ लागले की विद्यार्थी ढवळण्याच्या यंत्राला दोष देतात. दोष बहुधा बाटलीच्या झाकणाचा असतो. टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेटची वाफ डोळ्यांना घातक असते, त्यामुळे चष्मा आणि धुराड्याचे कपाट या दोन्ही गोष्टी हव्यातच.

मग सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे वेगाने गरगर फिरवून कण तळाशी बसवून, वरचा द्रव टाकायचा, ताजे इथेनॉल घालून सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्रात, कण पुन्हा सुटे करायचे. असे चार-पाच वेळा. इथे घाई केली की अमोनिया आणि बारीक दुय्यम कण मागे राहतात, आणि ते बारीक कण मोठ्यांच्या फटीत जाऊन सगळी मांडणी खिळखिळी करतात.

शेवटी आकारमानाने सुमारे १ टक्का सिलिका राहील असे मिश्रण २० मिलिलिटरच्या कुपीत घेऊन त्यात स्वच्छ काच किंचित तिरकी उभी करायची. आता खरा हिशेब आहे तो पडण्याचा आणि आटण्याचा. २५० नॅनोमीटरचा सिलिकाचा गोळा इथेनॉलमध्ये दिवसाला सुमारे ३ मिलिमीटर खाली बसतो. द्रवाची पातळी त्याहून हळू उतरत असेल तर वरचा द्रव कणाविना स्वच्छ होत जातो आणि काचेला द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. म्हणून पातळी दिवसाला सात-आठ मिलिमीटर तरी उतरेल एवढी ऊब हवी. बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो. ४०० नॅनोमीटरचा गोळा दिवसाला साडेसात मिलिमीटर बसतो, तिथे खोलीच्या तापमानाला ही पद्धत हरते. मग कुपीच्या तळाशी किंचित जास्त उष्णता देऊन द्रव आतल्या आत फिरता ठेवावा लागतो. पंख्याचा वारा, शेजारच्या टेबलावरचा पंप, दर तासाला कुपी उचलून पाहणारे हात, हे सगळे काचेवर आडव्या पट्ट्यांच्या रूपाने उमटतात. प्रत्येक पट्टी म्हणजे पातळी अडकून एकदम घसरल्याची खूण.

काच निघाली की तिच्यावर रंग दिसतो. तो कोणत्याही रंगद्रव्याचा नाही, थरांच्या अंतराचा आहे. निसर्गातल्या ओपल खड्याचेही हेच रहस्य. ऑस्ट्रेलियातल्या सँडर्स यांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल पाहिला, तेव्हा त्यात सिलिकाचे एकसारखे गोळे ओळीने रचलेले दिसले. सरळ समोरून पाहिले तर परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी काढायला गोळ्याचा व्यास ०.८१६ ने, मग सरासरी अपवर्तनांकाने आणि मग २ ने गुणायचे. सिलिका आणि हवा यांच्या घट्ट रचनेत ७४ टक्के जागा गोळ्यांची असते आणि सरासरी अपवर्तनांक १.३५ धरता येतो. म्हणजे २०० नॅनोमीटरचे गोळे ४४० च्या आसपासचा जांभळट निळा देतात, २५० चे ५५० चा हिरवा आणि ३०० चे ६६० चा लाल. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नसला तरी गोळ्याचा व्यास असा डोळ्यांनी अंदाजता येतो. हिरव्या पट्टीवर इथेनॉलचा एक थेंब टाकून पाहा. रंग पिवळ्याकडे सरकतो आणि फिका पडतो, कारण फटीतल्या हवेची जागा इथेनॉलने घेतली आणि सिलिका व फटी यांच्यातला फरक जवळजवळ मिटला. थेंब उडून गेला की हिरवा परत यायला हवा. तो आला नाही तर कणांनी जागा सोडली असे समजावे.

काच भिंगाखाली धरली की उन्हाळ्यात भेगाळलेल्या शेतासारखी दिसते. काही दशक मायक्रोमीटरांच्या बेटांमध्ये चिरा. सगळ्या पाठ्यपुस्तकी चित्रांत या चिरा गाळलेल्या असतात. कारण असे की सिलिकाचे ओले गोळे पाणी धरून असतात. रचना आधी होते आणि गोळे नंतर वाळून आकसतात. गोळे आकसले तरी खालची काच आकसत नाही, मग रचना तडकते. यावर उपायही ठाऊक आहे. गोळे आधीच सुमारे ६०० अंशांवर भाजून घ्यायचे, म्हणजे आकसायचे ते आकसून झालेले असते, आणि मग रचायचे. भाजल्याने काही गोळे एकमेकांना चिकटतात. ते पुन्हा सुटे करायला सोनिकेटरमध्ये बराच वेळ द्यावा लागतो आणि जे सुटणार नाहीत ते तळाशी बसू देऊन वगळावे लागतात. दुसरा उपाय फटीतच टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेटचे पातळ द्रावण रचनेसोबत भरत जाण्याचा आहे. हार्वर्डमधल्या आयझेनबर्ग यांच्या गटाने २०१० मध्ये पॉलिमरचे गोळे असे रचून नंतर जाळून टाकले आणि चिरांविना पोकळ जाळी मिळवली.

दुसरी पद्धत पाण्याच्या पृष्ठभागावरची. तिचा इतिहास पत्रलेखकांना आवडावा असा आहे, कारण तो एका पत्रानेच सुरू होतो. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात ॲग्नेस पॉकेल्स नावाची तरुणी घर सांभाळत होती. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते. तिने ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि २ उंच असे पत्र्याचे तबक काठोकाठ पाण्याने भरले, त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी टाकली आणि पट्टी सरकवून पाण्याचा पृष्ठभाग लहान-मोठा करत पृष्ठताण मोजला. तेलकटपणाचा किंचित अंश पाण्यावर असला तर पृष्ठभाग एका ठराविक मर्यादेपर्यंत आकसेतो पृष्ठताण जवळपास तोच राहतो आणि त्यापुढे एकदम घसरतो, हे तिने टिपले. तिने जानेवारी १८९१ मध्ये इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले. रॅले यांनी ते भाषांतर करवून ‘नेचर’ नियतकालिकाच्या संपादकांकडे पाठवले आणि १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आले. पुढे लँगम्यूर आणि कॅथरिन ब्लॉजेट यांनी याच तत्त्वावर रेणूंचे एकेक थर काचेवर उतरवले. त्यांच्या नावाचे तबक आज संशोधनशाळा मोठ्या किमतीला विकत घेतात. त्याच्या मुळाशी पत्र्याचे एक घरगुती तबक आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे.

पॉकेल्सच्या तबकाचा हिशेब वहीवर करता येतो. स्टिअरिक आम्लाचा एक रेणू उभा राहिला की पाण्यावर ०.२ चौरस नॅनोमीटर जागा घेतो. तबकाचा पृष्ठभाग ३५० चौरस सेंटिमीटर. तो पूर्ण भरायला सुमारे ८३ मायक्रोग्राम आम्ल लागते. बोटाचा तेलकटपणाही याच मापाचा असतो, म्हणून या प्रयोगात स्वच्छता सोवळ्यासारखी पाळावी लागते. पाण्यात बोट बुडाले की प्रयोग पहिल्यापासून.

हेच कणांनी करायचे असेल तर पेट्री डिश पुरते. ९ सेंटिमीटरची डिश ऊर्ध्वपातित पाण्याने भरा. १ मायक्रोमीटर व्यासाच्या पॉलिस्टायरीन गोळ्यांचे २.५ टक्क्यांचे मिश्रण तेवढ्याच इथेनॉलमध्ये मिसळा. एक चौरस सेंटिमीटर एकपदरी झाकायला मूळ मिश्रणाचे अडीच मायक्रोलिटर लागतात. डिशचा पृष्ठभाग सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर, त्यातला पाऊण भाग झाकायचा, म्हणजे मूळ मिश्रणाचे १२० आणि इथेनॉलसह २४० मायक्रोलिटर. काही कण बुडतातच, तेव्हा थोडे जास्त घ्या. स्वच्छ काचपट्टी डिशमध्ये तिरकी टेकवा आणि पाणी जिथे काचेला लागते त्याच्या किंचित वर मायक्रोपिपेटने थेंब थेंब सोडा. इथेनॉल पाण्यावर पळते आणि कणांना पसरवत नेते. तिरक्या उजेडात पाण्यावर मोरपिशी तुकडे तरंगताना दिसू लागतात. ही कणांची बेटे. थेंब काचेऐवजी थेट पाण्यात पडला तर कण बुडतात आणि पाणी दुधी होते. असे झाले तर पुढे जाण्यात अर्थ नाही, डिश रिकामी करावी.

आता बेटे एकत्र आणायची. २ टक्के सोडियम डोडेसिल सल्फेटचा दोन-तीन मायक्रोलिटरचा एकच थेंब या तुकड्यांपासून लांब, कडेला टेकवा. साबणाने तिथला पृष्ठताण उतरतो, उरलेला पृष्ठभाग कणांना पलीकडे ओढतो आणि तुकडे एकमेकांना भिडून एक सलग चादर होते. दुसरा थेंब टाकण्याचा मोह टाळावा. साबण जास्त झाला की कण ओले होऊन बुडतात. मग पाण्याखालून तिरकी काच आणून चादर हळूच वर उचला आणि काच तशीच कलती ठेवून वाळू द्या. आडवी ठेवली तर मध्ये पाणी साचते आणि चहाच्या डागाचे सगळे पुन्हा सुरू होते. नळाचे पाणी वापरू नये. त्यातले क्षार कणांवरचा विद्युतभार झाकतात आणि कण एकमेकांपासून दूर राहण्याऐवजी गठ्ठे करतात.

रचना जमली की नाही हे पाहायला महागडे यंत्र नको. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर काचेतून काटकोनात सोडा आणि मागे १० सेंटिमीटरवर पांढरा कागद धरा. १ मायक्रोमीटरच्या गोळ्यांच्या ओळी ०.८६६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, त्यामुळे प्रकाश ३८ अंशांत वळतो आणि मधल्या ठिपक्यापासून सुमारे ७.८ सेंटिमीटरवर उमटतो. लेझरच्या ठिपक्याखाली एकच सलग स्फटिक असेल तर षटकोनात सहा ठिपके दिसतात. दोन स्फटिकांची सीमा असेल तर बारा. बरेच लहान लहान स्फटिक असतील तर पूर्ण वर्तुळ. काच सरकवत गेले की कुठे सहा, कुठे वर्तुळ, असा स्फटिकांचा नकाशाच हाताशी येतो. लेझरकडे किंवा त्याच्या परावर्तनाकडे पाहू नये, एवढी काळजी घ्यावी.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने पाण्याच्या पृष्ठभागावर आणि चरबीजन्य रेणूंच्या पातळ थरांत धातूचे नॅनोकण विद्युतभाराच्या ओढीने मांडण्याचे काम वर्षानुवर्षे केले. याच गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे सपाट त्रिकोण मिळवले. वर्तमानपत्रांना गवती चहा लक्षात राहिला. मांडणीचे काम फारसे कोणाला सांगितले गेले नाही, याचे वाईट वाटते.

काही रचनांमध्ये कणांना कुठे चिकटायचे हेही सांगता येते, आणि त्यासाठी डीएनएइतके नेमके साधन दुसरे नाही. १९९६ मध्ये मिर्किन यांच्या गटाने १३ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांवर डीएनएचे धागे बांधले. जुळणारा धागा टाकला की लाल द्रव जांभळट होतो, तापवला की पुन्हा लाल. त्याच अंकात अलिव्हिसाटोस यांच्या गटाचेही काम होते. यात विद्यार्थ्यांचा हमखास घात होतो तो मिठाने. सोन्याच्या कणांवर डीएनए दाट बसायला मीठ लागते, आणि मीठच उघड्या कणांना गोठवते. म्हणून डीएनए मिसळून रात्रभर थांबायचे, मग मिठाचे प्रमाण ०.०५ मोलरच्या पायऱ्यांनी, दिवसभरात किंवा दोन दिवसांत, वाढवत न्यायचे. एकदम टाकले तर द्रव निळा-काळा होतो आणि कितीही तापवला तरी लाल होत नाही. धाग्यांनी जोडलेले कणही आधी नुसते गठ्ठेच होते. २००८ मध्ये दोन गटांनी, मिर्किन यांच्या आणि ओलेग गँग यांच्या, त्यांचे खरे स्फटिक मिळवले. युक्ती अशी की धागे सुटण्याच्या तापमानाच्या किंचित खाली रचना तासन् तास ठेवायची, म्हणजे सांधे सुटतात आणि पुन्हा जुळतात. वर सांगितलेली चूक दुरुस्त करायची सवड ती हीच.

नुसत्या डीएनएपासून आकार बांधण्याची कल्पना नेड सीमन यांनी १९८२ मध्ये मांडली. २००६ मध्ये पॉल रोथेमुंड यांनी एका विषाणूचा ७२४९ अक्षरांचा लांब धागा दोनशेहून अधिक आखूड धाग्यांनी घड्या घालून हव्या त्या आकारात आणला. कृती दिसायला साधी आहे. लांब धागा, आखूड धागे पाच ते दहापट जास्त, १२.५ मिलिमोलर मॅग्नेशियम असलेले बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण), ९५ अंशांपासून हळूहळू २० अंशांपर्यंत थंड करणे. मॅग्नेशियम कमी पडले तर धाग्यांवरचे ऋणभार एकमेकांना ढकलतात आणि घडी उघडते. जास्त झाले तर तयार घड्या पत्त्यांसारख्या एकावर एक चिकटतात. मोठे बांधायला घड्या एकमेकींना जोडाव्या लागतात, आणि तिथे गणित आडवे येते. ६४ घड्यांची आठ बाय आठची चौकट घेतली तर तिच्यात ११२ सांधे असतात. प्रत्येक सांधा ९९ टक्के वेळा बरोबर बसतो असे धरले तरी सगळे ११२ बरोबर बसण्याची शक्यता ३२ टक्के उरते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत अशी ६४ घड्यांची चौकट टप्प्याटप्प्याने बांधून दाखवली गेली. आधी चार-चार जोडायच्या, मग त्या चौकडींच्या चौकडी, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर थोडेच सांधे जुळवायचे राहतात.

क्वांटम ठिपक्यांच्या (अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटरच्या कणांच्या) रचना आणि बहुवारिकांचे (पॉलिमरचे) आपसांत वेगळे होणारे थर हे दोन मोठे विषय इथे सोडतो. फक्त एक सांगतो. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या बावेंडी यांच्या गटाने १९९५ मध्येच कॅडमियम सेलेनाइडचे ठिपके त्रिमितीय स्फटिकात रचून दाखवले होते. आपल्या पुरवणीतल्या त्या वेळच्या लेखात ठिपक्यांचे रंग होते, रचना नव्हती.

आमची तक्रार अभ्यासक्रमांबद्दल आहे आणि ती कळकळीने करतो. एमएस्सीच्या नॅनो प्रकल्पांत विद्यार्थी तुळशीच्या, कडुलिंबाच्या किंवा गवती चहाच्या अर्काने चांदीचे किंवा सोन्याचे कण करतो, वर्णपटात ४२० किंवा ५२० नॅनोमीटरला शिखर दाखवतो आणि प्रकल्प बांधून टाकतो. कण झाले, पुढे काय, हा प्रश्न तोंडी परीक्षेतही विचारला जात नाही. पेट्री डिशचा वरचा प्रयोग एका दुपारी होतो, उभ्या काचेचा तीन दिवसांत. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी यांपैकी एक तरी प्रात्यक्षिकांत घालावा, आणि जर्नलमध्ये सहा ठिपक्यांच्या चित्राबरोबर वर्तुळाचे चित्रही लावणे सक्तीचे करावे. कुठे बिघडले ते चिकटवलेले नसेल तर गुण कापावेत. प्रबंधांतही सर्वांत देखणे दोन मायक्रोमीटर निवडून छापायची सवय आहे. त्याच काचेचा शंभर मायक्रोमीटरचा तुकडा, चिरांसकट, शेजारी हवा.

आपल्याकडेही एक मागणी आहे. पुरवणीत छापलेल्या नॅनोरचनांच्या छायाचित्रांवर मापपट्टी बहुतेक वेळा कापली जाते आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या करड्या चित्रांना निळा-गुलाबी रंग दिलेला असतो. मापपट्टी ठेवावी, आणि रंग नंतर भरला असल्यास चित्राखाली ‘रंग कृत्रिम’ असे दोन शब्द छापावेत. ओपलसारख्या रचनांच्या बाबतीत तर ते फारच गरजेचे आहे, कारण तिथे खरा रंगही असतो आणि वाचकाला दोन्हींतला फरक कळायला दुसरा मार्ग नाही.

आपले,
पदार्थरसायन शिकवणारे दोन अध्यापक,
पुणे